दुब्रोवनिकचे दरवाजे आणि रेवदंड्याचा तट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

क्रोएशियातल्या दुब्रोवनिक या तटबंदीच्या शहरावरील माझ्या लेखाला आपण रेवदंड्याहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप दोन आहेत. जहाज बंदरात असताना मिळालेल्या अर्ध्या दिवसात पाहिलेल्या शहराविषयी एवढ्या ठामपणे लिहू नये, हा पहिला. एका वेळी किती पर्यटकांनी आत शिरावे याला मर्यादा हवी, हे माझे म्हणणे पोट भरलेल्या माणसाचे आहे; कोकणातली मुले अजून मुंबईची वाट धरत असताना आलेल्या पाहुण्याला वेशीवर अडवणे आपल्याला परवडणार नाही, हा दुसरा.

अर्ध्या दिवसात शहर कळत नाही, हे खरेच आहे. मात्र क्रूझने गेलेल्या माणसाला क्रूझची गर्दी जितकी जवळून दिसते तितकी क्वचितच कोणाला दिसत असेल, आणि माझा लेख त्या गर्दीविषयीच होता. ग्रुझ बंदरातून बसने आणलेले आम्ही सारे जुन्या शहराच्या तटातल्या पिले दरवाजाशी उतरलो. तिथे खंदकावरचा पूल ओलांडून दरवाजातून आत उतरावे लागते आणि वाट फार रुंद नाही. हातात भाजीच्या पिशव्या घेतलेली एक वयस्कर बाई बाहेर पडण्यासाठी भिंतीला टेकून उभी होती. आकड्यांच्या पाट्या उंच धरलेल्या मार्गदर्शकांमागून गटामागून गट येत राहिल्याने तिला पाऊल टाकायला जागाच मिळत नव्हती. १९९१ च्या सुमारास या तटाच्या आत पाच हजारांच्या आसपास लोक राहत होते. आता दीड हजारांच्या आसपास उरले आहेत. घरे पर्यटकांना भाड्याने दिली गेली, रोजच्या गरजेची दुकाने कमी होत गेली आणि राहणारे तटाबाहेर गेले.

आता आपल्या मुख्य आक्षेपाकडे वळते. मर्यादा घालणे हे सुखवस्तू लोकांचे काम आहे, असे या शहराचा इतिहास तरी सांगत नाही. दुब्रोवनिक हे व्यापारावर जगणारे प्रजासत्ताक होते. त्याचे पोट जहाजांवरच होते. तरीही १३७७ साली त्याने असा कायदा केला की, प्लेगची साथ असलेल्या भागातून येणाऱ्यांनी आधी तीस दिवस बाहेर काढावेत आणि मगच शहरात पाऊल ठेवावे. या नियमाने त्याचा व्यापार बुडाला नाही. नेपोलियनच्या सैन्याने १८०८ साली प्रजासत्ताक संपवले तोवर ते पुढची चार शतके टिकले. अलीकडे एका वेळी दोनच क्रूझ जहाजे आणि सुमारे चार हजार प्रवासी असे जे धोरण तिथे ठरले, ते मला त्याच जुन्या शहाणपणाला धरून वाटते. त्यात येऊ नका असे कोणी म्हणत नाही, सगळे एकाच वेळी येऊ नका एवढेच म्हटले आहे. दरवाजांवर कॅमेरे लावून आतल्या माणसांची मोजदादही होते.

आपण रोजगाराचे म्हणता, तर क्रूझचा प्रवासी जेवतो जहाजावर आणि झोपतोही जहाजावर. त्याच्या हातून शहरात फार तर एखादी कॉफी, एखादी भेटवस्तू आणि तटावर फिरण्याचे तिकीट एवढाच खर्च होतो. यातले तिकीट मात्र कामी येते, कारण तटाची देखभाल १९५२ साली स्थापन झालेली नागरिकांची एक संस्था करते आणि हा पैसा डागडुजीला लागतो. रेवदंड्यात घरगुती खानावळ चालवणाऱ्या बाईला दोन रात्री राहणारे एक कुटुंब जे देऊन जाते, ते तासाभरासाठी उतरलेल्या पन्नास माणसांकडून मिळणार नाही.

रेवदंड्याचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. पोर्तुगिजांनी बांधलेला, १५७०-७१ चा निजामशाही वेढा सोसलेला आणि १७४० साली मराठ्यांकडे आलेला हा तट आजही वसत्या गावाभोवती उभा आहे. आत घरे आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, अंगणात सुपारी वाळते आहे. आणि त्याच तटाच्या सांध्यांत वड-पिंपळाची मुळे शिरून चिरे सुटत चालले आहेत. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाल्यापासून मुंबईच्या मोटारी थेट अलिबाग तालुक्यात उतरतात, आणि शनिवार-रविवारी गावातल्या रस्त्याचे काय होते ते मी आपल्याला सांगायला नको. किनाऱ्यावर क्रूझचे धक्के व्हावेत अशी चर्चाही वरचेवर होते. धक्का झाल्यावर आणि घरे रिकामी झाल्यावर मर्यादेचा विचार करणे दुब्रोवनिकला भाग पडले. आपल्याकडे अजून धक्का नाही, म्हणून तो विचार आधी करता येतो.

मर्यादेचा आकडा कोणी ठरवायचा, हा आपला शेवटचा प्रश्न रास्त आहे. तो बंदर खात्याने किंवा जहाज कंपनीने ठरवू नये. ग्रामसभेत ठरावा, आणि तटाच्या आत राहणाऱ्यांचे मत त्यात आधी विचारात घ्यावे.