श्रावणातली आडभिंत

श्रावण लागला की कोकणात एका खोलीच्या दोन करायची हुक्की येते. गणपतीला, म्हणजे आमच्या चवथीला, मुंबईची मंडळी येणार आणि त्यांत एक तरी घोरणारा असणार. गवंडी म्हणतो आडभिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची घाला, सुतार म्हणतो प्लायची, भाचा मोबाइलवर जिप्समचे बोर्ड दाखवतो.

चिऱ्याने आवाज अडतो, यात वाद नाही. पण ९ इंची चिरा, वर दोन्ही अंगांनी गिलावा. एवढी जाडी गेल्यावर उरलेल्या खोलीत खाट मावते किंवा पाहुणा. म्हणून साडेचार इंची विटेची भिंत. तिला दर ३ फुटांवर दोन सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा लागतो आणि जुन्या भिंतीत दात, म्हणजे खाचा, काढून केलेला सांधा. पट्टा वाचवलात की चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. १० बाय १० फुटांची अशी भिंत गिलाव्यासकट अडीच टनांच्या घरात जाते, तेव्हा माडीवर खाली बीम नसेल तर विचारच सोडा. भिंतीवर सात दिवस पाणी मारायचं. ते काम पावसाळी दमट हवा बिनपगारी हलकं करते. अडतं ते सुकण्यापाशी. ‘वायच ओला आसा, सुकतला,’ म्हणून गवंडी जातो. कुठल्या साली, ते विचारायचं राहतं. ओल्यावर रंग चढवलात की दसऱ्याला पापुद्रे सोलत बसा.

जिप्सम मात्र दोन दिवसांत उभं. खाली-वर पत्र्याचे चॅनेल, २-२ फुटांवर स्टड म्हणजे पत्र्याचेच उभे दांडे, दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटरचे बोर्ड, सांध्यांवर टेप आणि पुट्टी. वजन विटेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पण बोर्ड फरशीला टेकवला तर पोछ्याचं पाणी वातीसारखं वर ओढतो. तळाशी अर्ध्या इंचाची फट ठेवा आणि ती स्कर्टिंगने झाका. मोरीशेजारी हिरवा बोर्ड घ्या. तोही दमटपणा सोसतो, गळती नाही. चॅनेल कापलेल्या कडेला जस्त उरत नाही, आणि खारी हवा नेमकी तिथूनच शिरते. पोकळीत ५० मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे आवाज पिणारी दगडी लोकर, भरायला कंजुषी केलीत तर भिंत कसली, ढोलकी! घड्याळ, तसबीर, टीव्ही कुठे येणार ते आधी ठरवून आत प्लायची पट्टी बसवून घ्या. नुसत्या बोर्डात ठोकलेला खिळा आरती संपेपर्यंतही थांबत नाही.

सगळ्यांत शहाणा जुना कूडच, असं माझं मत. कारवीच्या काठ्या, वर माती-शेणाचं लिंपण. भेग पडली तर मूठभर चिखलात मिटते. वाळवीलाही तो तितकाच आवडतो, एवढंच.

आणि हे सगळं नीट जमलं तरी कौलारू घरात आडभिंत तुळईपाशी थांबते. वर वाशांखाली मोकळा त्रिकोण. घोरणं तिथून आरामात चढून पलीकडे उतरतं. खाली चिरा आहे की जिप्सम, त्याला काय! तो त्रिकोण फळ्यांनी बंद करायचा, फटींत कापूस-काथ्या ठासायचा, एवढंच सुताराचं काम. पण सुतार म्हणतो, ‘चवथ झाल्यार येतंय.’