कारवानीच का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

कारवानी जातीच्या कुत्र्यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एकाच जातीवर जीव लावणं ही मिरवण्याची हौस आहे, त्याला कुत्र्यांवरचं प्रेम म्हणू नये. रस्त्यावर इतकी बेवारस कुत्री असताना जातीची पिल्लं होऊ देणं अपराध आहे. कारवानी शिकारी कुत्रं, तेव्हा त्याचं कौतुक म्हणजे शिकारीचंच कौतुक. आणि माणसानं घडवलेली जात उद्या संपली तर कुणाचं काय बिघडणार आहे? तुम्ही स्वतः गल्लीतल्या कुत्र्यांना पोसता, लसी टोचून आणता. म्हणून तुमच्या रागाला मी मान देतो आणि सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मला सर्वांत जास्त तोच लागला.

आमचा भाग सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याचा. पाऊस बेताचा, माळ उघडा, झाड विरळ. या मातीत तगली ती जनावरं तिच्यासारखीच काटक: खिलार बैल, माडग्याळी मेंढी आणि कारवानी. जिथं नजर कोसभर जाते तिथं नजरेनं हेरून धावणारं कुत्रं कामाचं. चांगल्या नराची उंची खांद्याशी 68 ते 72 सेंटिमीटर, छाती खोल, पोट आत ओढलेलं. भरधाव पळताना प्रत्येक झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा पोटाखाली गोळा होऊन आणि एकदा पुढेमागे ताणून. याचे पूर्वज पश्चिमेकडून व्यापारी तांड्यांबरोबर आले असं मानतात. पुढं पिढ्यान्‌पिढ्या त्याला घडवलं ते इथल्या उन्हानं, भाकरीनं आणि वस्तीवरच्या माणसांनी. कागदपत्रं नव्हती. पण कुठली कुत्री कुणाच्या वस्तीवरची, तिची आई कशी पळायची, हे माझ्या आजोबांना सोयऱ्याधायऱ्यांच्या नात्यांइतकं पाठ होतं.

आज कर्नाटकात असलेल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना आश्रय दिला, त्यामुळे ती मुधोळ हाउंड म्हणून बाहेर ओळखली गेली. 2005 साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. मेरठला लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरनं, म्हणजे लष्करी जनावरं सांभाळणाऱ्या दलानं, त्यांना प्रशिक्षण दिलं. मला या सगळ्याचा अभिमान आहे. पण जात टिकली ती शेतकऱ्यांच्या आणि धनगरांच्या दारात, आणि तिथं ती कमी झाली की वरचा मानसन्मान तिला वाचवू शकत नाही. माडग्याळी मेंढीचा कळप राखणाऱ्याला कुणी विचारत नाही, की मेंढ्या काय थोड्या आहेत? मग माणसांनी एवढ्या जाणतेपणानं घडवलेलं कुत्रं संपलं तर बिघडलं काय, असं कसं म्हणायचं? बिघडेल ते आमचं बिघडेल.

आता हौसेबद्दल. आमच्या दारात गावरान कुत्रं नेहमीच असतं. आजही आहे, आणि त्याच्या भाकरीत कधी फरक पडलेला नाही. पण जन्मभर एकाच जातीच्या सोबतीनं राहिलं की काही गोष्टी कळतात, त्या एरवी कळत नाहीत. कारवानीच्या अंगावर चरबी फार कमी. थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध इतर कुत्र्यांच्या अंगातल्या चरबीत जाऊन मुरतं. या बांध्याच्या कुत्र्यात ते रक्तात जास्त वेळ राहतं आणि जनावर लवकर शुद्धीवर येत नाही, कधी दगावतंही. म्हणून आमच्या कुत्रीची नसबंदी ठरली तेव्हा मी डॉक्टरांशी आधी बोललो. त्यांनी औषध बदललं, टेबलावर तिला ऊब मिळेल अशी व्यवस्था केली. ही माहिती मला याच प्रेमानं दिली. कमरेची हाडं दिसतात म्हणून शहरातले लोक कारवानीला उपाशी समजतात आणि खाऊ घालून घालून जाड करतात. त्यात त्याच्या सांध्यांचे हाल होतात. अनोळखी माणसानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, तर लोक त्याला माजोरी ठरवतात. साखळीला बांधून ठेवलं तर ते कुढतं. हे सांगणारं कुणीतरी हवंच ना?

शिकारीबद्दल आडपडदा ठेवत नाही. ही जात शिकारीसाठीच घडली. ससा आणि काळवीट मारून आणणारी कुत्री आजोबांच्या पिढीनं वाखाणली. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद आहे आणि बंदच राहिलं पाहिजे. चोरून ससे धरणाऱ्यांशी माझं भांडण आहे, मग ते भावकीतले का असेनात. पण त्यांच्या गुन्ह्याची शिक्षा कुत्र्याच्या वंशाला का? त्याला हवं असतं धावणं. एकदा सावजावर नजर पडली की कारवानी हाक ऐकत नाही, म्हणून माळावर त्याला मोकळं सोडायचंच नाही. आम्ही कुंपण घातलेल्या रानात पोत्याचा तुकडा दोराला बांधून मोटरसायकलमागे ओढतो. कुत्री जीव खाऊन पळतात आणि धाप टाकत सावलीला येऊन पडतात. कुणाचं रक्त सांडत नाही.

राहिली पिल्लं. इथं तुमचं निम्मं म्हणणं मला पटतं, आणि ते मी तुमच्याहून कडक शब्दांत म्हणेन. 30 ऑगस्ट 2020 ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ हाउंडचं नाव घेतलं आणि आमच्याकडे फोन सुरू झाले. फ्लॅटमधून, फार्महाउसवरून, 'दिसायला भारी' म्हणून. मागणी वाढली की बाजार तयार होतो. डोळे नीट उघडलेही नसतील अशी पिल्लं खोक्यात घालून पाठवणारे निघाले, कुत्रीला दर माजावर लावणारे निघाले. शर्यतीच्या वेडापायी ग्रेहाउंडचं रक्त मिसळणारे तर आधीपासून होते. त्या संकरातली पातळ कातडी आमच्या बाभळीच्या काट्यांत टिकत नाही. असली पिल्लं वर्षभरात रस्त्यावर सोडलेली दिसली की तुमच्यासारखीच माझ्याही अंगाची आग होते. 2017 च्या श्वानप्रजनन नियमांत नोंदणी सांगितली आहे, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. हे नियम पाळायला लावा म्हणून तुम्ही अर्ज करणार असाल तर खाली माझी सही घ्या.

पण भटक्या कुत्र्यांची संख्या वाढते ती नसबंदी होत नाही म्हणून, कचरा उघड्यावर पडतो म्हणून आणि पाळलेली कुत्री लोक सोडून देतात म्हणून. वस्तीवर जाणीवपूर्वक झालेल्या आणि आधीच घर ठरलेल्या वेतानं ती वाढत नाही. मी फोनवाल्यांना नाही म्हणतो. ज्याच्याकडे रान आहे, घरात दिवसभर माणूस आहे, त्याच्याचकडे पिल्लू जातं, तेही घर बघून. जमलं नाही तर परत आणून द्यायचं, हे आधीच बोलून ठेवलेलं असतं. जोडी लावताना दोघांचं रक्त एक नाही ना, हे दोन-दोन पिढ्या मागं जाऊन बघतो, कारण एवढ्याशा गोतावळ्यात नात्यातल्या नात्यात जोड्या लागल्या तर जात आतून पोखरते. ज्या कुत्रीत खोट दिसते तिची नसबंदी करून तिला घरीच ठेवतो. बाजारासाठी पिल्लं काढणाऱ्याला यातलं काहीच परवडणार नाही.

तुम्ही विचारलंत, पुढचं कुत्रं तरी रस्त्यावरचं आणाल का? दारातलं गावरान तसंच आलेलं आहे, पुढंही येतील. कारवानी मात्र मी सोडणार नाही.

आणि एक विनंती. तुमच्या भागात टाकून दिलेलं कारवानी दिसलं तर संस्थेकडे देण्याआधी मला कळवा, मी गाडी घेऊन येईन. त्याला धरायला पळू नका, तुम्ही दमाल आणि ते आणखी लांब जाईल; पाणी ठेवा आणि लांब बसा. भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना कमी चरबीची आणि भुलीच्या औषधाची ती गोष्ट आधी सांगा.