लाहोरच्या आधी अहमदाबाद

तुमच्या लेखात स्वातंत्र्यसैनिक आणि उर्दू कवी हसरत मोहानींना ‘गझलकार मौलाना’ म्हणून एका ओळीत उरकलंय आणि संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी काँग्रेसमध्ये 1929 साली लाहोरला पुढे आली असं लिहिलंय. हे पटलं नाही. लाहोरला ठराव मंजूर झाला, पण 1921 च्या अहमदाबाद अधिवेशनात मोहानींनी तो मांडला होता, तोही गांधीजींचा उघड विरोध असताना! हा माणूस टिळकांना गुरू मानणारा. 1907 च्या सुरत अधिवेशनात काँग्रेस फुटली, तेव्हा टिळकांच्या बाजूने उभा राहिला. 1908 मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली, त्याच वर्षी स्वतःच्या उर्दू मासिकातल्या लेखासाठी मोहानींनाही झाली. तुरुंगात रोज चक्कीवर दळण दळायला लावलं. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी लिहिताना टिळकांचा हा धागा तरी सुटायला नको होता.

माझे आजोबा कुंडलचे, नाना पाटलांच्या पत्री सरकारात (इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारात) निरोप पोचवायचे. म्हातारपणी हात थरथरायचा, तरी झेंडावंदनाला मूठ घट्ट आवळून ‘इन्किलाब झिंदाबाद’ म्हणायचे. घोषणा भगतसिंगांची एवढंच आम्हा पोरांना ठाऊक. ती मोहानींनी दिली, हे मला सांगलीत कॉलेजला आल्यावर कळलं. लेखात कृपया ही भर घाला; शाळेतली पोरंही हे वाचतात.