विहिरीतल्या मुळांचं काय? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

प्रतिक्रिया रागावून लिहिलेली असली तरी तिच्यात पाहिलेलं, मोजलेलं काहीतरी आहे. म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहितो. मधेच येऊन वाचणाऱ्यांसाठी आधी मुद्दा सांगतो. मी लिहिलं होतं, की बहुतेक झाडांची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या अर्ध्या ते एक मीटर थरात असतात, आणि आडवी मात्र पानांच्या घेराच्या बरीच बाहेर जातात. यावर तुमचं म्हणणं असं : झाड जेवढं वर तेवढंच खाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या विहिरीत 40 फुटांवर जिवंत मुळं लोंबताहेत आणि सगळ्यात जवळचं झाड, 30 फूट उंचीचं, विहिरीपासून 50 फुटांवर आहे. ‘मुळं उथळ असतात’ असं वाचून लोक वरवर पाणी शिंपडतील आणि झाडं आळशी होतील. शेवटी तुम्ही विचारलंत, की विहीर बांधून घेताना ती मुळं तोडावीत का?

विहिरीतल्या मुळांबद्दल मला जराही शंका नाही. 40 फूट म्हणजे 12 मीटर. कालाहारीतल्या एका झाडाची मुळं 68 मीटर खोल सापडल्याची नोंद आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका उघड्या खाणीत शमीच्या भाऊबंदांपैकी मेस्किट नावाच्या झाडाची मुळं 53 मीटरवर मिळाली. टेक्ससमधल्या गुहांच्या छतांतून उतरलेली मुळं कुठल्या झाडांची हे डीएनएवरून ओळखून काढलं, तेव्हा ओकची मुळं 25 मीटरपर्यंत गेलेली दिसली (1999). डीएनए तपासावा लागला, कारण नुसतं मूळ पाहून ते कुणाचं हे सांगता येत नाही. पण तुमची मुळं त्या जवळच्या झाडाचीच आहेत असं धरून चालू.

मग तुमचेच आकडे पुन्हा बघा. उंची 30 फूट, खोली 40 फूट, आडवं अंतर 50 फूट. ‘जेवढं वर तेवढंच खाली’ हा नियम तुमच्याच झाडाने मोडला आहे, आणि मोडताना ते खालीपेक्षा बाजूला जास्त गेलं आहे. मी तेच म्हणत होतो.

घोटाळा होतो तो दोन प्रश्न एकच समजल्यामुळे. सगळ्यात खोल मूळ कुठवर पोचतं, हा एक प्रश्न. एकूण मुळांपैकी बहुतेक कुठे आहेत, हा दुसरा. 1996 साली दोन संशोधन-आढावे निघाले, एकाच मासिकात, त्याच शास्त्रज्ञांचे. एकात त्यांनी 253 जातींच्या वनस्पतींची कमाल खोली गोळा केली, तिथे झाडांची सरासरी 7 मीटरच्या आसपास आली. दुसऱ्यात जगभरातल्या मुळांची थरांनुसार विभागणी मांडली. टुंड्रा, उत्तरेकडची सूचिपर्णी जंगलं आणि समशीतोष्ण गवताळ प्रदेश इथे 80 ते 90 टक्के मुळं वरच्या 30 सेंटिमीटरमध्ये. ज्या वाळवंटांत मुळं सर्वात खोलवर विभागलेली, तिथेही साधारण निम्मी मुळं याच 30 सेंटिमीटरमध्ये! त्या शास्त्रज्ञांना या दोन निष्कर्षांत काही विसंगती वाटली नाही, कारण ती नाहीच.

असं का, याचं उत्तर मुख्यतः हवेत आहे. मुळंही श्वास घेतात. ती अंधारात असतात, त्यांना प्रकाशसंश्लेषण जमत नाही, वरून आलेली साखर वापरायला त्यांना मातीच्या पोकळ्यांतला ऑक्सिजन लागतो. खाली जावं तशी माती घट्ट होत जाते, पोकळ्या कमी होतात, हवा आत-बाहेर खेळत नाही. त्यात पाऊस वरून येतो, पालापाचोळा वर कुजतो, अन्नद्रव्यं वरच्या थरात असतात. मूळ पाण्याचा वास काढत खाली धावत नाही. जिथे ओल, हवा आणि घुसायला जागा तिन्ही मिळतात तिथे ते वाढतं, नाही मिळाल्या तर थांबतं. तुमच्या विहिरीजवळ खडकाच्या भेगा असणार, आणि विहीर स्वतःच जमिनीत 40 फूट खोल हवा नेऊन सोडते. तेच झाड पाणथळ जागी उगवलं असतं तर हात-दीड हात खालीच थबकलं असतं. भूजलाची पातळी आणि मुळांची खोली यांचा हा संबंध 2017 च्या एका मोठ्या अभ्यासात दोन हजारांहून अधिक नोंदी घेऊन तपासला आहे. एकाच जातीचं झाड टेकडीवर एका खोलीला जातं आणि पायथ्याला दुसऱ्याच.

सोटमुळाबद्दलही लिहितो, कारण वर-खाली सारख्या झाडाचं चित्र त्याच्यावरच उभं आहे. रोपाला सोटमूळ असतं, हे खरंच. पण बहुतेक जातींत काही वर्षांत आडवी मुळं त्याला मागे टाकतात. ऑक्टोबर 1987 मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये वादळाने सुमारे दीड कोटी झाडं पाडली. उन्मळलेल्या झाडांची पाहणी झाली तेव्हा ठळक सोटमूळ फारच थोड्यांना आढळलं. आता तुम्ही म्हणाल, पडली तीच झाडं पाहिली, मग उथळच दिसणार. शंका रास्त आहे. पण उभ्या झाडांभोवती चर खणून केलेल्या अभ्यासांतही बहुतेक मुळं वरच भेटतात.

पाण्याच्या मुद्द्यावर अर्धा मी तुमच्या बाजूने आहे. रोज थोडं थोडं शिंपडलं तर वरचे दोन-तीन बोटं ओले होतात, उन्हाने ते उडून जातं, आणि तेवढ्याच थरात मुळं गर्दी करतात. हे वाईटच. पण ‘वरचा अर्धा मीटर’ म्हणजे दोन बोटं नव्हे. सावकाश, भरपूर पाणी द्यावं, ते दोनेक फूट मुरू द्यावं, मग माती थोडी सुकू द्यावी. आणि ते खोडाला टेकून द्यायचं नाही. मोठ्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं घेराच्या कडेला आणि त्याच्याही पलीकडे असतात. मोकळ्या जागेत मुळांचा पसारा घेराच्या दुप्पट-तिप्पट होणं नेहमीचं आहे. बुंध्याशी छोटंसं आळं करून त्यात बादल्या ओतणं रोपाला ठीक, पन्नास वर्षांच्या झाडाला नाही.

खोल मुळं थोडी असतात म्हणून बिनकामाची ठरत नाहीत. पूर्व ॲमेझॉनमधली जंगलं लांबलेल्या कोरड्या ऋतूत हिरवी राहतात ती 8 मीटरच्या खालच्या पाण्यावर, हे 1994 मध्ये दाखवलं गेलं. काही झाडं तर रात्री खालचं पाणी वर ओढून वरच्या कोरड्या मातीत सोडतात, आणि ते शेजारच्या लहान झाडांनाही मिळतं. शुगर मेपलमध्ये हे 1993 मध्ये नोंदवलं आहे.

तरीही मी उथळ मुळांवर एवढा जोर देतो, कारण झाडं मरतात ती बहुतेकदा वरच्या थरातल्या उद्योगांमुळे. केबलसाठी दोन फूट खोल चर खणणारा मुकादम ‘मुळं तर पार खाली असतात’ म्हणून निर्धास्त असतो, आणि खोडापासून चार फुटांवर एका बाजूची मुळं सरसकट उडवतो. कुणी अंगण उंचावायला फूटभर मातीचा भराव टाकतो. त्याने एकही मूळ तुटत नाही, फक्त हवा बंद होते. झाड दोन-तीन वर्षांनी वाळायला लागतं, तोवर भरावाची आठवण कुणाला राहिलेली नसते. ब्रिटिश बांधकाम-मानकात झाडाभोवती खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचा भाग राखायला सांगतात. अर्ध्या मीटर व्यासाच्या खोडाला 6 मीटर. मुळांची हद्द तिथे संपत नाही, एवढं तरी सोडा असं ते म्हणणं आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. विहिरीत लोंबणारी मुळं कापायला माझी हरकत नाही. एवढ्याने मोठं, निरोगी झाड सहसा मरत नाही. मात्र ती ऐन उन्हाळ्यात कापू नका. वरची माती कोरडी पडते तेव्हा झाड ज्या थोड्या मुळांवर तगतं त्यांत ही असू शकतात. पावसाळा संपता संपता, वर ओल असताना कापा. धारदार करवत वापरा, ओढून तोडू नका. आणि बांधकामाला यंत्र लावणार असाल तर ते झाड आणि विहीर यांच्या मधल्या पट्ट्यातून नेऊ नका, विटा-वाळूचे ढीगही तिथे टाकू नका. दुसऱ्या बाजूने वाट असेल तर तिकडूनच आणा.