पालिकेचा पडदा

दर काही महिन्यांनी महाराष्ट्रातून तीच तक्रार कानावर येते: मराठी चित्रपटाला थिएटर मिळत नाही. मिळालंच तर सकाळचा खेळ, आणि सोमवारपर्यंत तोही उतरवलेला. 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट लावायची सक्ती जाहीर केली, विरोध झाल्यावर वेळ सैल केली. भांडण अजून तिथंच आहे. फ्रँकफुर्टमधून हे वाचताना मला सारखं वाटतं, आपण भलत्याच दारावर धडका देतोय.

इथे माइन नदीच्या काठी चित्रपट संग्रहालय आहे आणि त्याच्या पोटात एक छोटं चित्रगृह. त्याची सुरुवात 1971 ची. शहराच्या संस्कृती खात्याचे प्रमुख हिल्मार हॉफमान यांनी शहराच्या पैशातून ‘कोमुनालेस कीनो’, म्हणजे पालिकेचं चित्रगृह काढलं. शहर ऑपेराला पैसे देतं, नाटकाला देतं, मग चित्रपटाला का नाही? खासगी थिएटरवाले कोर्टात गेले आणि हरले. पुढे जर्मनीत ठिकठिकाणी अशी चित्रगृहं उभी राहिली. फ्रायबुर्गचं तर जुन्या रेल्वे स्टेशनात आहे. वेगळे चित्रपट वेगळ्या तऱ्हेने दाखवायचे, हे या चळवळीचं ब्रीद.

जर्मनीत बाहेरचे चित्रपट बहुतेक सगळीकडे डब करून दाखवतात. या चित्रगृहात मात्र इराणी माणूस फारसीतच बोलतो, खाली जर्मन ओळी. बरेचदा आधी कुणीतरी माइक घेऊन चित्रपटाबद्दल चार गोष्टी सांगतं. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आम्ही जेमतेम वीस जण होतो. मल्टिप्लेक्समध्ये वीस माणसांवर चित्रपट उतरवलाच असता. इथे तो काही दिवसांनी पुन्हा लागला, आणि त्या वेळी मला कडेची खुर्ची मिळाली.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मी याच शहरात जर्मन उपशीर्षकांसह पाहिला. 2014 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात तो ओरिझोंती नावाच्या विभागात सर्वोत्कृष्ट ठरला होता. त्यात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळं आहे. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं, यावरून त्या माणसाची पायरी कळते. जर्मन ओळींत हे सगळं सपाट होत होतं. बाहेर आल्यावर मैत्रिणीला ते समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मग मला पुन्हा पाहायला हवा.’ माझ्या मनात मात्र साताऱ्याची ताई होती. परक्या शहरात मला मिळालेला हा मराठी चित्रपट तिला तिच्या गावात मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला नव्हता.

नाटक हे पालिकेचं काम आहे, हे आपण केव्हाच मान्य केलंय. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर 1968 चं, ठाण्याचं गडकरी रंगायतन 1978 चं, दोन्ही महापालिकेची. लोक म्हणतील, पालिकेच्या नाट्यगृहांची दशा बघा आधी: बंद पडलेला एसी, स्वच्छतागृहाचा वास, कुणाच्या तरी सत्कारासाठी ऐनवेळी हिसकावलेली तारीख. खरं आहे, आणि त्याचा मला रागही येतो. पण याच नाट्यगृहांच्या जिवावर मराठी नाटक इतकी वर्षं उभं राहिलं, हेही तितकंच खरं. तिथे नाटकाला मल्टिप्लेक्सच्या मालकाची विनवणी करावी लागली नाही.

तसंच आता पालिकेचं चित्रगृह हवं: शंभर खुर्च्या, चांगला प्रोजेक्टर, आणि चित्रपट निवडायला एक पगारी, जाणता माणूस. समिती नको, समिती आली की मर्जीतल्यांची यादी येते. मराठी, मल्याळी, इराणी, जपानी चित्रपट एकाच पडद्यावर आलटून पालटून लागू देत. प्रेक्षक नाहीत असं मला सांगू नका. मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968 पासून, पुण्यात आशय फिल्म क्लब, ही माणसं पदरमोड करून हेच करत आली आहेत. पुण्याच्या ‘पिफ’ला, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, दरवर्षी रांगा लागतात. तो आठवडा सरला की त्या रांगेतल्या माणसांनी कुठे जायचं?

साताऱ्यात शाहू कला मंदिर आहे. नाटक नसलेल्या एखाद्या मंगळवारी तिथे पडदा लावा. ताई पहिल्या रांगेचं तिकीट काढेल.