अहो, जरा गप्प बसा की, मॅच बघू द्या!

बॉक्सिंगची मॅच लावावी, तर पहिल्या मिनिटातच कॉमेंटेटरने ठरवून टाकलेलं असतं की आज कोण भारी. मग शेवटच्या घंटेपर्यंत तेच आपल्या गळी उतरवायचं. लाडक्याचा ठोसा समोरच्याच्या ग्लोव्हवर आपटला तरी 'क्याऽऽ मारा है!' आणि दुसरा खाली वाकून बरगडीत दोन सणसणीत हाणतो, तेव्हा हे महाशय लाडक्याच्या बालपणीची हलाखी सांगण्यात गुंग.

मग निकाल उलटा लागला की घराघरात बोंब: चोरी झाली!

टोकियो ऑलिम्पिकचं अजून ऐकतोय मी. २०२१, मेरी कोम विरुद्ध कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया, ३-२ ने हार. 'तीनपैकी दोन राउंड जिंकली, मग हरली कशी?' अरे बाबांनो, ऑलिम्पिकमध्ये जज पाच असतात आणि प्रत्येकाची बेरीज वेगळी असते! पहिला राउंड ४-१ ने गेला, पुढचे दोन जेमतेम ३-२ ने आले. मोजा की बोटांवर. पाच जजांचे मिळून पंधरा कौल, त्यातले आठ व्हॅलेन्सियाचे, सात मेरीचे. इतकी घासून झालेली मॅच. पण 'मेरी, मेरी' कानात घुमत असताना व्हॅलेन्सियाचे ठोसे पाहिले कुणी? ती आधीच्या रिओ ऑलिम्पिकची ब्राँझवाली होती, कुणी ऐरीगैरी नव्हे.

बरं, हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. २०१२ ची व्यावसायिक बॉक्सिंगमधली मॅच घ्या, फिलिपिन्सचा पॅकियाओ विरुद्ध अमेरिकेचा ब्रॅडली. तिथे जज तीनच; त्यातल्या दोघांनी ११५-११३ ने ब्रॅडलीला दिली आणि जगभर शिमगा झाला. पॅकियाओ जिंकला होता, मलाही तसंच वाटतं. नंतर डब्ल्यूबीओने, म्हणजे ज्यांच्या किताबासाठी ती मॅच होती त्या संघटनेने, पाच जजांना ती मॅच पुन्हा दाखवली, तर पाचही त्याच्याच बाजूने. पण एचबीओ या अमेरिकन चॅनेलवर चालू मॅचमध्ये स्कोअर काय दाखवला? ११९-१०९! राउंड जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला साधारण नऊ, म्हणजे बारापैकी अकरा राउंड पॅकियाओचे. अकरा?! घासून गेलेले राउंडसुद्धा एकाच्याच पदरात टाकायचे आणि वर लाखो लोकांना तेच ऐकवायचं. मग खरा निकाल आला की माणसं पिसाळणार नाहीत तर काय.

कॅमेऱ्याचंही तेच. जज रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना, दोऱ्यांच्या मधून बघत बसलेले, आणि आपण उंचावरच्या कॅमेऱ्यातून. रेफ्रीची पाठ मध्ये आली की कुणाला ठोसा दिसतो, कुणाला नुसता शर्ट. वर स्लो मोशन. त्यात साधी टपलीसुद्धा हातोड्यासारखी दिसते, आणि ती टपली कुणाची दाखवायची ते ठरवणारे पुन्हा हेच लोक!

म्यूट करावं तर घंटा जाते, ठोशांचा धप्प आवाज जातो, कोपऱ्यातून ओरडणारा कोच जातो. ऐकण्यासारखं जे असतं तेच नेमकं जातं. कॉमेंट्री बंद आणि रिंगचा आवाज चालू, एवढं एक बटण द्यायला काय जातं हो यांच्या बापाचं?