जुनं पाणी नको, जुना स्पंज द्या

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘नवी टाकी एका दिवसात तयार. जुन्या टाकीतलं अर्धं पाणी नव्या टाकीत ओता. जुन्या फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुऊन नव्या फिल्टरमध्ये बसवा. थोडं निळं औषध टाका. पाणी काचेसारखं दिसलं की सगळे मासे सोडा. सुरुवातीला दोन-चार मासे मरतातच, घाबरू नका.’

यातली स्पंजाची गोष्ट खरी आहे. जुन्या फिल्टरच्या मटेरियलवर नवी टाकी खरोखर लवकर उभी राहते. पण मेसेजात सांगितलेल्या पद्धतीने तो स्पंज वाया जातो, आणि त्याची किंमत मासे मोजतात.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट बऱ्यापैकी सहन होतं आणि पाणी बदललं की कमी होतं. कोऱ्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जुना स्पंज वाचवतो तो हा काळ.

आता ‘अर्धं पाणी ओता’. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजाच्या छिद्रांत, सिरॅमिक रिंगांवर, तळाच्या खडीवर चिकटून राहतात. जुन्या पाण्याबरोबर येतं ते मुख्यतः साठलेलं नायट्रेट. मासेही त्याच टाकीतून येणार असतील तर ओळखीच्या पाण्यामुळे त्यांना पीएचचा (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचा) धक्का कमी बसतो, एवढाच त्याचा उपयोग. टाकी त्याने तयार होत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती ‘नळाखाली धुऊन’ ही सूचना. महापालिकेच्या पाण्यात क्लोरिन घालतात तो जिवाणू मारण्यासाठीच. आपल्याला हवेत ते आणि नको ते, असा भेद त्याला कळत नाही. स्पंज फार तुंबला असेल तर जुन्या टाकीतलं पाणी बादलीत काढा, त्यात तो एक-दोनदा हलकेच दाबा आणि थांबा. उरलेला तपकिरी बुळबुळीत थर घाण वाटतो, पण आपल्याला जे न्यायचं आहे ते त्यातच आहे.

आणि नेणंही जपून. कोथरूडहून वाघोलीला स्पंज न्यायचा म्हणजे ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास गृहीत धरा. या जिवाणूंना ओलावा लागतो आणि ऑक्सिजनही. काठोकाठ भरून घट्ट बांधलेल्या पिशवीत ते गुदमरतात, भर दुपारी गाडीत कोरडे पडले तर मरतात. मोठा डबा घ्या, स्पंज जेमतेम बुडेल एवढं जुन्या टाकीचंच पाणी घाला, वर भरपूर हवा राहू द्या. नवी टाकी आधी भरलेली हवी, क्लोरिन हायपोने (म्हणजे सोडियम थायोसल्फेटने) काढलेला हवा, पंप चालू हवा. गुरुवारी पाणी बंद असणार असेल तर टाकी बुधवारीच भरून ठेवा. स्पंज घरी आणून मग टाकी लावायला बसू नका.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते फिल्टरमधल्या याच जिवाणूंना मारक ठरतं. आजारी माशासाठी वेगळ्या भांड्यात ते जरूर वापरा, पण नव्या टाकीत स्पंज बसवून वर ते ओतणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं.

काचेसारखं पाणी? अमोनिया दिसत नाही. विषय संपला.

‘सगळे मासे सोडा’ यावर मात्र थांबायला हवं, कारण जाणकार लोकही इथे चुकतात. जुना स्पंज म्हणजे विरजण, असं सर्रास म्हटलं जातं. पण चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध रात्रीत लागतं, तसं इथे होत नाही. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. जुन्या टाकीत वीस मासे असतील आणि तिथलं पाव मटेरियल तुम्ही आणलं, तर ते साधारण पाच माशांचाच भार पेलेल, किंबहुना थोडा कमीच, कारण काही जिवाणू तिथल्या खडीवर मागे राहिले. देणाऱ्याकडूनही एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नका, नाहीतर त्याची टाकी कोलमडेल. आणि मटेरियल ओळखीच्या घरच्या निरोगी टाकीतलं घ्या. दुकानातल्या टाक्यांत रोज नवे मासे येतात, तिथून पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही स्पंजाबरोबर येऊ शकतो.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी पीएच आधी तपासावा. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की हे प्रमाण पाच टक्क्यांवर जातं. म्हणजे टेस्ट किटवर रंग तोच, धोका जवळजवळ नऊपट.

‘दोन-चार मासे मरतातच.’ नाही. अमोनियाने कल्ले जळतात. नायट्राइटने रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते, आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा धापा टाकत वर येतो. हे मरण टाळता येतं, म्हणून ते नेहमीचंच आहे असं सांगणं मला मान्य नाही.

टाळायचं कसं, तर मासे आणण्याआधी स्पंजाची परीक्षा घ्या. शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे प्रयोगशाळेच्या दर्जाचा नवसागर, १०० लिटरला ०.६ ग्रॅम टाकला की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर स्पंज जिवंत आहे. अर्धं पाणी बदला आणि थोडे मासे सोडा. पुढचे दोन आठवडे रोज तपासा, खाणं कमी ठेवा, रीडिंग वर गेलं की त्याच दिवशी पाणी बदला. शून्य आलं नाही तर मासे अजून आणू नका, पंप चालू ठेवा आणि रोज पुन्हा तपासा.